बोरा बोरात ‘ब’ नाही

ताहिती भाषेत ‘ब’ हा उच्चार नाही. बेटाचं नाव पोरा पोरा. अठराव्या शतकात जहाजांतून आलेल्या युरोपीय लोकांनी ते बोरा बोरा असं ऐकलं, तसंच लिहिलं, आणि मग सगळ्या जगाने तेच उचललं. गेल्या दिवाळीत मी आणि माझ्या बायकोने तिथे जायचं ठरवलं, तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मला रूमचे रेट माहीत होते.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे सुट्टी म्हटली की आधी एक्सेल शीट. शीटला टॅब, टॅबला रंग, आणि प्रत्येक खर्चासमोर ‘कमी करता येईल का’ असा एक कॉलम. विमानं (मुंबईहून थेट काही नाही, टोकियो, ऑकलंड किंवा लॉस एंजेलिस करत जायचं, आणि अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलासुद्धा त्यांचा व्हिसा), पापीतेहून बोरा बोराचं छोटं विमान, आणि मग ते. पाण्यावरचं लाकडी घर, खाली काचेची जमीन, काचेखाली मासे. एका रात्रीचे लाखभर रुपये. मी तो आकडा तीनदा वाचला. बायको म्हणाली, “चार वर्षं मी एक सलग आठवडा सुट्टी घेतलेली नाही. घे बुक करून.”

तिला आणखी एक गोष्ट फार आवडली होती. ताहिती आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. आपलं ऑफिस सुरू होतं तेव्हा तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. म्हणजे त्यांचा अख्खा दिवस, सकाळपासून दुपारपर्यंत, आपला मॅनेजर झोपलेला. पृथ्वीच्या पाठीवर यापेक्षा चांगली जागा सापडणं कठीण.

पहिला खडा दाताखाली आला तो व्हिसाच्या टॅबमध्ये. पॅसिफिकच्या मधोमध असलेल्या या बेटावर जायला अर्ज करायचा फ्रान्सकडे. पॅरिसपासून ताहिती साधारण १५,७०० किलोमीटर. बरं, युरोपात फिरायला चालतो तो शेंगेन व्हिसा इथे आपोआप चालत नाही. म्हणजे मालकी फ्रान्सची, पण फ्रान्समध्ये मोजायचं नाही. हे काय प्रकरण आहे म्हणून वाचायला बसलो, तर कळलं की १७ मे २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फ्रेंच पॉलिनेशियाचं नाव अजून स्वशासन न मिळालेल्या प्रदेशांच्या यादीत परत घातलं. सोप्या भाषेत, वसाहतींच्या यादीत. फ्रान्सला ते अजिबात रुचलं नाही. आणि मी तिथे हनिमूनचं उधार फेडायला निघालो होतो (लग्न कोविडमध्ये झालं, तेव्हा लोणावळासुद्धा झालं नव्हतं).

त्या रात्रीपासून आमच्या घरात जे भांडण सुरू आहे, त्यातली माझी बाजू इथे मांडतो. तिची बाजू मजबूत आहे, तीही येईलच.

माझं म्हणणं असं. आपण ज्याला ट्रिप प्लॅन करणं म्हणतो, त्यात आपण एक एक करत तिथली माणसं खोडत जातो. फोटोत कोणी नको, बीचवर कोणी नको, शेजारच्या बंगल्यातून दिसायला नको. शेवटी उरतं ते निळं पाणी, आणि ते ‘अनस्पॉइल्ड’ आहे म्हणून आपण खूश. बोरा बोरा हा या खोडकामाचा जगातला सर्वांत सफाईदार नमुना आहे.

नकाशा उघडून बघा. मध्ये मुख्य बेट, त्यावर ७२७ मीटर उंचीचा ओतेमानू डोंगर, भोवती उथळ पाणी, आणि त्या पाण्याच्या कडेने प्रवाळावर साचलेल्या लांबट चिंचोळ्या पट्ट्या. त्यांना मोतू म्हणतात. विमानतळ एका मोतूवर. मोठी रिसॉर्ट्स बहुतेक दुसऱ्या मोतूंवर. विमानातून उतरलात की रिसॉर्टची बोट न्यायला येते. हजारो लोक जिथे राहतात, जिथे शाळा, चर्च, किराणा आणि दुचाक्या आहेत, ते मुख्य बेट तुम्हाला दिसतं ते पाण्यापलीकडे, सूर्यास्ताच्या फोटोत मागचा डोंगर म्हणून. बोरा बोराला जाऊन बोरा बोरावर पाय न ठेवता परत येता येतं, आणि माझ्या शीटमधला सहा दिवसांचा प्लॅन नेमका तसाच होता. शीटमध्ये एकाही माणसाची सेल नव्हती. स्पीडबोट होती, शार्कसुद्धा होते.

बरं, तो विमानतळ तिथे का आहे? १९४२मध्ये अमेरिकी सैन्य बेटावर आलं. जपानशी युद्ध सुरू होतं, जहाजांना तेल भरायला तळ हवा होता. त्यांनी मोतूवर धावपट्टी बांधली, डोंगरात तोफा बसवल्या. तोफा अजून गंजत उभ्या आहेत. ज्या धावपट्टीवर आज नवविवाहितांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालतात, ती लढाईसाठी झाली.

आणि पाण्यावरचं ते लाकडी घर? शाकारलेलं छप्पर, खांब, शिडी. मला ते शेकडो वर्षांची परंपरा वाटलं होतं. रिसॉर्टवाले तसं लिहीत नाहीत, पण तसं वाटावं इतकी काळजी नक्की घेतात. पर्यटकांसाठीची ही घरं आली १९६७मध्ये, रायातेआ बेटावर. कॅलिफोर्नियाहून आलेल्या तीन अमेरिकी मित्रांचं तिथे हॉटेल होतं आणि हॉटेलला बीच नव्हता. गिऱ्हाईक बीच मागतं. बीच नाही, तर खोलीच पाण्यात उभी करू. धंद्यातली युक्ती म्हणून मला ती मनापासून आवडते. पण ही ‘आदिम’ वास्तू माझ्या बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, २ जुलै १९६६ रोजी, त्याच समुद्रात ताहितीपासून साधारण बाराशे किलोमीटरवर मोरुरोआ या प्रवाळबेटावर फ्रान्सने पहिला अणुस्फोट केला. आधी हे काम अल्जीरियाच्या वाळवंटात चालत असे. १९६२मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, तेव्हा नवी जागा शोधावी लागली. मोरुरोआ आणि फांगाटाउफा या दोन ठिकाणी १९९६पर्यंत १९३ स्फोट झाले. १९७४पर्यंतचे उघड्या हवेत, नंतरचे प्रवाळात खोल भोकं पाडून.

इथे जरा थांबतो, कारण १९३ हा आकडा आपण रीलवर वाचतो आणि बोट वर सरकवतो. मंगारेवा नावाचं एक बेट आहे. पहिल्या स्फोटाचा किरणोत्सार तिथवर पोचला. या बेटांवर लोक पावसाचं पाणी टाक्यांत साठवून पितात, बागेतला पाला खातात, लगूनमधले मासे खातात. शास्त्रज्ञांनी मोजमापं घेतली. गावकऱ्यांना सांगितलं नाही. १७ जुलै १९७४ला एका स्फोटाचा ढग ठरलं होतं तितका उंच गेलाच नाही आणि वाऱ्याने ताहितीवर आला. त्या वेळच्या कागदपत्रांवरून २०२१मध्ये काही पत्रकार आणि संशोधकांनी गणित पुन्हा केलं, तेव्हा त्या एका ढगाखाली सुमारे १ लाख १० हजार माणसं आली असावीत असं निघालं. म्हणजे त्या बेटांवरची जवळपास सगळीच. कॅन्सरच्या भरपाईसाठी फ्रान्सने कायदा केला २०१०मध्ये, आणि त्यानंतरची काही वर्षं बहुतेक दावे फेटाळले. जुलै २०२१मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ पापीतेत उभं राहून म्हणाले की फ्रान्सवर या बेटांचं ऋण आहे. माफी मागितली नाही.

आपण फार ताठ मानेने बोलावं असं नाही. १९९८ला आपण पेढे वाटले होते. मी दोन वर्षांचा होतो, मलाही भरवला असणार. पोखरणजवळच्या खेतोलाई गावाचं नाव आपल्यापैकी कितीजणांना येतं? आणि जैतापूरला जे अणुऊर्जेचं तंत्रज्ञान आणायचं घाटत आहे, तेही फ्रेंचच. वीज आणि बॉम्ब एक नव्हेत, एवढं मला कळतं. पण ‘काही धोका नाही’ हे वाक्य सरकारं कोणत्या सुरात म्हणतात, ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मुद्दा पर्यटनाचा होता. तर, तिथे बॉम्ब आणि बंगला एकाच दशकात आले. सैन्याच्या केंद्राने पगार आणले, पगारापाठी माणसं गावं सोडून पापीतेत आली, शेती आणि मासेमारी मागे पडली, आणि खाण्याचा मोठा भाग बाहेरून येऊ लागला. १९९५च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सने थांबवलेल्या चाचण्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा ताहितीत लोकांनी दंगल केली आणि जाळला तो विमानतळ. माझ्या शीटमधला, ‘लेओव्हर: २ तास १० मि.’ असं लिहिलेला तोच फाआ विमानतळ. पुढच्या जानेवारीत शेवटचा स्फोट झाला आणि चाचण्या कायमच्या बंद झाल्या. आता कमाईचं मोठं साधन म्हणजे आपण. वर्षाला अडीच लाखांहून जास्त पर्यटक, एकूण लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास.

आता विरोधी बाजू. मित्रांच्या ग्रुपवर मी हे टाकलं, तर पहिलं उत्तर आलं, “आपण भारतीय. आपण कुठे कॉलनायझर?” हे ऐकायला फार गोड वाटतं. म्हणजे दोनशे वर्षं मार खाल्ला म्हणून आपल्याला जगभर फ्री पास. पण आपण जी स्क्रिप्ट घेऊन जातो ती कोणाची? १७६८मध्ये फ्रेंच कप्तान बूगँव्हील ताहितीत जेमतेम दहा दिवस राहिला, म्हणजे आपल्या पॅकेजइतकेच, आणि परत जाऊन त्याने तिथे प्रेमदेवतेचं बेट सापडल्याचं लिहिलं. १८९१मध्ये चित्रकार गोगँ गेला. आदिम स्वर्ग शोधत होता, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ‘बायको’ करून घेतलं. ती चित्रं आज पोस्टर म्हणून मिळतात. स्वर्ग, फुलं, हसऱ्या बायका, कोणालाच काही काम नाही. अडीचशे वर्षांत त्या संहितेतला एक शब्द बदललेला नाही. धारावीत गोरे लोक कॅमेरे घेऊन हिंडतात तेव्हा आपलं रक्त उसळतं. इथे कॅमेरा आपल्या हातात आहे, एवढाच फरक.

दुसरं उत्तर, “पैसे टाकतोय ना? त्यावरच त्यांची पोटं चालतात.” चालतात, खरंच चालतात. पण पैसे टाकणाऱ्याला प्रश्न विचारायचा नसतो, हे आपण कधीपासून मान्य केलं? टॅक्सीवाल्याने वीस रुपये जास्त घेतले तर आपण ट्विट करतो. आणि ‘ती माणसं आनंदी असतात’ हे तर कोणी म्हणूच नये. मी पर्यटनाच्या दुसऱ्या बाजूला वाढलो आहे.

माझ्या आजोळी, तारकर्लीजवळ, मामाने घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली तेव्हा मी सहावीत होतो. मे महिन्यात आम्ही भाचरं गेलो की आमची झोपायची जागा पडवीत. मामी पहाटे चारला उठून घावन घालायला बसायची. आम्ही दंगा केला की मामा दबक्या आवाजात म्हणायचा, “पावणे इले हत, आवाज करू नको रे.” आजीच्या घरात आवाज करायचा नाही, हे मला अकराव्या वर्षी कळलं. त्या पैशांवर मामेबहिणीचं नर्सिंग झालं, हेही खरं. मामा पर्यटकांना शिव्या द्यायचा नाही आणि मीही देत नाही. पण एक बाई एकदा मामीला म्हणाली होती, “किती लकी आहात हो तुम्ही, रोज व्हेकेशन!” मामी हसली. तिचं ते हसणं मला अजून आठवतं. बोरा बोराच्या रिसॉर्टच्या व्हिडिओत ट्रे घेऊन येणारी बाई तसंच हसते. मी ते हसू ओळखतो आणि तरीही लाखभर रुपये देऊन ते विकत घ्यायला निघालो होतो, हे मला झेपलं नाही.

तिसरं उत्तर बायकोचं, आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. ती म्हणाली, “मला इतिहास नकोय. मला माणसंही नकोत. दिवसभर माणसंच असतात. स्टँडअपमध्ये माणसं, लोकलमध्ये माणसं, रात्री अकराला क्लायंटची माणसं. पाच दिवस मला कोणी काही विचारू नये, एवढंच विकत घेते आहे. त्यात तुझा अणुबॉम्ब कशाला?” मग जरा थांबून, “आणि तुझ्या मामीला आपण तरी दर मे महिन्यात काय वेगळं वागवतो? घावन तीच घालते ना?”

दुसरा मुद्दा वर्मी लागला. त्यावर मी गप्प बसलो. पहिल्यावर मात्र बोलणार आहे. आपल्या नोकऱ्यांनी आपल्याला इतकं पिळलं आहे की निर्मनुष्य जागा हेच सुख वाटू लागलं आहे, हे मला कळतं. पण निर्मनुष्य जागा अशी नसतेच. ती कोणीतरी रिकामी करून दिलेली असते. कोणीतरी पडवीत गेलेलं असतं. आपला थकवा खरा आहे म्हणून त्याचं बिल दुसऱ्याच्या अंगणात फाडायचं का? ऑफिसात अकराच्या कॉलला ‘नाही’ म्हणायची धमक आमच्या दोघांतही नाही. ती नाही म्हणून आम्ही सोळा हजार किलोमीटर लांब अशी जागा शोधतो जिथे टाइमझोनच आमच्या वतीने नाही म्हणेल. मला ही गोष्ट लाजिरवाणी वाटते. तिला व्यवहारी वाटते.

युरोपातल्या काही लोकांसारखं ‘विमानात बसणंच पाप, घरी बसा’ हे मी म्हणत नाही. शंभर वर्षं जग फिरून झाल्यावर हा उपदेश सुचला आहे, आणि आपली पहिली पिढी आत्ता पासपोर्ट काढते आहे. शिवाय पॉलिनेशियाला ‘जाऊ नका’ म्हणणं म्हणजे तिथे नुसते बिचारे लोक राहतात असं धरून चालणं. ते तसे नाहीत. बोरा बोराने मोठ्या क्रूझ जहाजांना लगाम घातला, दिवसाला १,२०० प्रवाशांची मर्यादा ठेवली. पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग ताहितीच्या तेआहूपो गावात झालं. २०२३मध्ये पंचांसाठी प्रवाळावर ॲल्युमिनियमचा मोठा मनोरा उभारायचं ठरलं, तेव्हा गावकरी आणि सर्फर रस्त्यावर उतरले. मनोरा लहान करावा लागला, आणि नंतर चाचणीसाठी आणलेल्या बार्जने प्रवाळ मोडला, तेव्हा त्याचे व्हिडिओ जगभर गेले. ऑलिम्पिक समितीला मनोरा लहान करायला लावणारं गाव. आपण आपल्या एका तरी किनाऱ्यावर असं काही करून दाखवलं का?

आणि रायातेआ. जिथे तो पाण्यावरचा बंगला जन्मला, त्याच बेटावर तापुतापुआतेआ नावाचं जुनं पूजास्थान आहे. २०१७पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पॉलिनेशियाचे दर्यावर्दी हवाई, न्यूझीलंड, रापा नुई अशा तिन्ही टोकांपर्यंत पसरले, त्या जगाचं हे एक केंद्र. होकायंत्र नव्हता, तारे, लाटांची दिशा, पक्षी यांवरून ते जात. तुपाइया हा इथलाच पुजारी आणि नाविक. १७६९मध्ये तो कुकच्या जहाजावर चढला आणि त्याने सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा करून दिला. पुढच्या वर्षी बटाव्हियात वारला. ही विद्या संपली असं गृहीत धरलं गेलं होतं. १९७६मध्ये होकुलेआ नावाची दुहेरी होडी एकही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला आली, आणि पापीतेच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले.

टोंगन वंशाचे लेखक एपेली हाऊओफा यांनी १९९३मध्ये एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा थोडक्यात असा की बाहेरच्यांना अथांग समुद्रातली चिमुकली बेटं दिसतात, तिथल्यांना बेटांनी भरलेला समुद्र दिसतो. समुद्र त्यांच्यासाठी रिकामी जागा नव्हता, रस्ता होता, शेजार होता. मी हे वाचलं आणि माझी शीट उघडली. एका टॅबचं नाव होतं ‘मिडल ऑफ नोव्हेअर’. मीच दिलेलं.

बंगल्याचं बुकिंग आम्ही रद्द केलं. रद्द करायची मुदत संपायला दोन दिवस होते, नाहीतर माझी तत्त्वं इतकी टिकली असती का, सांगता येत नाही. बायको अजून नाराज आहे. आता रायातेआवर एक ‘पेन्शन’ बघतो आहोत. तिकडे घरगुती राहण्याच्या जागेला तसं म्हणतात. म्हणजे मामाचंच मॉडेल. मी फ्रेंच भाषांतर करून मेल टाकला होता, काल उत्तर आलं. बोट किती वाजता पकडायची, मासे चालतात का, आणि रविवारी मालकीणबाई चर्चला जातात, त्यामुळे दुपारचं जेवण मिळणार नाही, स्वयंपाकघर मोकळं असेल.

बायकोने शेवटची ओळ दोनदा वाचली.

“सुट्टीत मी स्वयंपाक करणार नाही.”

“मी करतो.”

“तुला येतं काय?”

“अंडाभुर्जी.”

“तिथे अंडी मिळतात का बघ,” ती म्हणाली, आणि शीटमध्ये नवी ओळ टाकली.